गोडबावची दृष्ट

गोडबावात पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ देत नसत. गूळ दिला तर पाण्याचा अपमान होई. तांब्या पुढे करायचा आणि पाहुण्याच्या घशाकडे टक लावून उभं राहायचं. पहिल्या घोटाला पाहुण्याने डोळे मिटायचे, दुसऱ्याला 'अमृत हो!' म्हणायचं आणि तिसऱ्याला स्वतःच्या गावच्या पाण्याला नावं ठेवायची. एवढं झालं की बसायला खुर्ची मिळे. पंखे विकायला आलेल्या एका माणसाने नुसतं 'बरं आहे' म्हटलं होतं; तो संध्याकाळपर्यंत उभाच होता, म्हणतात.

आता ही ऐट उगाच नव्हती. एकविसाव्या शतकाने सत्तरी ओलांडली होती आणि पालघरच्या किनाऱ्यावर समुद्र जमिनीखालून आत शिरू लागल्याला बराच काळ लोटला होता. समुद्र वरून आला तर माणसाला दिसतो, ओरडता येतं, पळता येतं. खालून आला तर तो पहिल्यांदा कळतो चहात. एकेक गाव खारं होत गेलं. शेजारच्या दांडखारात डाळीला मीठ घालायचं लोक विसरून गेले. तिथला न्हावी दाढीनंतर तुरटी लावत नसे, नुसतं तोंड धुवायला सांगे, आणि गिऱ्हाईक बोंबलत बाहेर पळे. अशा पट्ट्यात गोडबावची बाव, म्हणजे विहीर, खाऱ्या शेंगदाण्यांत एखादा मनुका निघावा तशी गोड राहिली होती.

तिच्याच पाण्यावर अद्वैतभाऊ सावे यांचा पानमळा उभा होता. नागवेलीला मिठाचं भारी वावडं. मळ्यात घामसुद्धा गाळायचा नाही, तो बांधावर जाऊन गाळून यायचा, असा अद्वैतभाऊंचा गड्यांना दम होता. त्यांच्या पत्नीचं नाव किमयाबाई. त्या जन्मल्या त्या काळात अशीच नावं ठेवत. मुलीचं नाव मात्र गोदावरी, कारण तोवर फॅशन फिरून मूळ जागी आली होती. आणि गोदावरीचा नवरा डॉ. नैमिष वर्तक भूजल खात्यात शास्त्रज्ञ होता. गावच्या पाण्यावर पाळत ठेवणारा माणूस गावचाच जावई म्हटल्यावर गोडबावने निवांत पाय पसरले.

दिवाळसणाला आला तेव्हा नैमिषने सासऱ्यांना मळ्याच्या कडेची साक्षीविहीर दाखवली. विहीर कसली, जमिनीतून गुडघाभर वर आलेली चार बोटं रुंद लोखंडी नळी होती ती. वर जाळीचं झाकण.

"हिच्यात घागर सोडा, वाटीसुद्धा जायची नाही," अद्वैतभाऊ म्हणाले.

"हिचं पाणी काढायचंच नसतं, बाबा. ही नुसती साक्ष देते. नळी पार खोल गेलीय. तळाशी बोटाएवढा संवेदक आहे. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी त्यातून वीज सहज जाते. तेवढं तो मोजतो आणि जिल्ह्याला कळवतो. वर्षानुवर्षं. प्रत्येक गावात अशी एक आहे."

"मग आमच्या प्यायच्या बावेतच का नाही सोडलात तो?"

"तिथे तुम्ही रोज उपसा करता, पाऊस पडतो, पाणी ढवळतं. साक्षीदाराला कोणी ढोसत राहिलं तर तो खरं काय सांगणार?"

"कोर्टातही हेच म्हणतात. आणि तिथेही ढोसतातच." अद्वैतभाऊंनी पानाचा तोबरा या गालातून त्या गालात सारला. "पण मीठ चढतं कसं, ते सांगा."

"गोडं पाणी हलकं. ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. मात्र समुद्राच्या पातळीच्या वर हातभर साय दिसत असली, तर खाली ती चाळीस हात बुडालेली असते. तुम्ही वरची हातभर उपसलीत की खालून खारं पाणी चाळीस हात चढून येतं."

"एक हात द्यावा आणि चाळीस हात मागावेत? समुद्र म्हणजे जावईच की हो!"

"अहो, काहीतरीच काय!" पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या किमयाबाई म्हणाल्या. "घ्या, जावईबापू. तोंड ओलं करा."

नैमिषने घोट घेतला. त्याला गावची रीत ठाऊक होती. शिवाय पाणी खरोखरच गोड होतं. तो म्हणाला, "आई, सगळ्या किनाऱ्याचं पाणी मी चाखलंय. असं पाणी कुठेच नाही. हे बाटलीत भरून देवापुढे ठेवावं."

किमयाबाईंचा ऊर भरून आला आणि लगेच त्यात धस्स झालं. अडाण्याची नजर एक वेळ झटकली जाते. शिकलेल्याची जड असते.

बावेची दृष्ट काढायचा मान सावेंच्या घराण्याचा. अमावस्येला तिन्हीसांजेला मूठभर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन बावेभोवती फिरायचं. 'आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, सरकारी माणसाची, कोणाची लागली असेल ती जळो' असं पुटपुटायचं, आणि मग तोंड मिटून ते सगळं चुलीत टाकायचं. इथवर आजेसासूपासून चालत आलं होतं. पुढे चुली गेल्या, गॅसही गेला. घरोघरी काचेच्या थंड शेगड्या आल्या. किमयाबाईंनी एकदा शेगडीवर दृष्ट टाकली, तेव्हा शेगडीने आपणहून दुरुस्तीवाल्याला बोलावणं धाडलं. गावात विस्तव म्हणून उरला नव्हता. आणि दृष्टीचं मीठ तर कोणाच्या पायाखाली येता कामा नये.

प्यायच्या बावेत मीठ टाकायला किमयाबाई काही वेड्या नव्हत्या. त्यांनी नीट विचार केला. जिच्यावरून कोणाचा पाय जात नाही आणि जिच्यातलं पाणी कोणी पीत नाही, अशी गावात एकच जागा होती. त्या अमावस्येला जाळीच्या भोकांतून मीठ आत गेलं. किमयाबाई न बोलता, मागे न बघता घरी आल्या. काढलेली दृष्ट कोणाला सांगायची नसते. सांगितली की उलटते.

आता मूठभर मिठाने काय होतं, असं कोणीही म्हणेल. मोठ्या बावेत काहीच होत नाही. पण चार बोटं रुंदीच्या नळीत पाणी ते कितीसं? त्यातून खारं पाणी जड. ते सरळ तळाशी जाऊन संवेदकाच्या मांडीवर बसे. नळीचं खालचं तोंड बारीक, त्यामुळे महिनाभरात थोडंच मीठ बाहेर झिरपे, तोवर पुढची अमावस्या आलेली असे. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा गोडबावचा खारेपणा हळूहळू, शिस्तीत चढू लागला.

हा जिना बघत होता पंच. पंच हे खात्याचं यंत्र. त्याच्या हाती जे होतं, त्याचं नाव जिवाणूबांध. खात्याने जमिनीखाली झोपाळू जिवाणू पेरून ठेवले होते. त्यांना मळी, म्हणजे साखर कारखान्यातलं ते काळं पाणी, पाजली की ते जागे होत आणि एकच काम करत. भोवतालच्या वाळूच्या कणाकणात चुना भरून तिची सलग शिळा करून टाकत. मग त्या भूमिगत भिंतीवर समुद्राने हवं तेवढं डोकं आपटावं. गोडबावजवळ अशा दोन रांगा पेरल्या होत्या. एक गावाच्या समुद्राकडच्या अंगाला, दुसरी डोंगराकडच्या. उन्हाळ्यात पाणी अगदी तळाला गेलं की पंच साक्षीविहिरीचं म्हणणं ऐकून निकाल देणार होता. गाव गोड असलं तर समुद्राकडची रांग जागी करायची, गाव वाचलं. गावाखाली मीठ आधीच शिरलेलं असलं, तर तिकडे भिंत घालून चोराला घरात कोंडण्यात अर्थ नव्हता. तेव्हा डोंगराकडची रांग जागी करायची, मागची गावं राखायची आणि गोडबाव समुद्राला देऊन टाकायचं. दोन्हींपैकी जी शिळा झाली ती झाली. फोडायची सोय नव्हती.

हे ठरवण्याचं काम पूर्वी माणसांकडे होतं. त्या काळातला एक बांध नकाशावर बघितला तर शेपटीवर पाय पडलेल्या सापासारखा दिसतो, कारण प्रत्येक वळणावर कोणाची तरी सासुरवाडी आत घ्यावी लागली होती. म्हणून पुढे नियम झाला की निकालात माणसाचा हात नको. तो नियम लिहिणाऱ्या समितीत सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत कडक सभासद होता नैमिष.

पंच तसा हुशार होता. लबाडी कशी असते, ते त्याला शिकवलेलं होतं. कोणी नळीत वात्रटपणा केला तर आकडा उडी मारतो आणि खाली येतो. समुद्र मात्र सावकाश चढतो. गोडबावचा आकडा सावकाशच चढत होता. शिवाय प्रत्येक चढ अमावस्येचा. अमावस्येला समुद्राला उधाणाची भरती येते, हे पंचाला पक्कं ठाऊक होतं. त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि त्याची खात्री झाली की हे पाणी थेट समुद्राच्या नाडीवर हलतंय.

नैमिष काळजीत पडला. गोदावरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चैत्रात तिला भेटायला म्हणून आला तो चप्पल न काढता आधी नळीकडे गेला.

"बाबा, एक विचारू? या नळीत कोणी काही टाकत नाही ना? पोरंबिरं?"

"कोण टाकणार? आमच्या गावची पोरं शेंगांची टरफलं खिशात ठेवतात."

"आई, तुम्ही कधी कोणाला बघितलंत?"

किमयाबाई पानं पुसत होत्या. त्यांनी मान हलवली. खोटं त्या बोलल्या नाहीत. टाकायचा तो कचरा. दृष्ट कोणी टाकत नाही, दृष्ट काढतात. आणि काढलेली सांगत नाहीत.

"का हो, काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आकडा चढतोय, आई. असाच चढला तर गाव जाईल."

"अगो बाई!" किमयाबाईंच्या हातातलं पान गळून पडलं. "म्हणजे लागलीच म्हणायची."

"काय लागली?"

"काही नाही. तुम्ही पाणी घ्या."

नैमिषने बावेचं पाणी घेतलं. ते तसंच होतं. त्याने चक्रावून तांब्याकडे पाहिलं. "काय नवल आहे! वर अजून किती गोड आहे हो! इतकं गोड की विश्वास बसत नाही."

किमयाबाईंनी डोळे मिटले. गाव जाईल असं स्वतःच सांगून हा माणूस पुन्हा नजर लावतो म्हणजे काय! शिकलेला असला तरी जावई. बोलायची सोय नाही. वैशाखी अमावस्येला त्यांनी एका मुठीच्या जागी अख्खी ओंजळ भरून घेतली. गावच जायचं म्हटल्यावर मिठाकडे कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाचा निकाल लागला. डोंगराकडच्या रांगेत मळी सुटली आणि जिवाणू जागे झाले.

नैमिष धावत गोडबावला आला. त्याने कुलूप काढलं, झाकण उचललं आणि तार ओढून संवेदक वर घेतला. मळ्यातल्या कोवळ्या उन्हात तो छान चमकत होता. त्याच्या अंगभर मोहऱ्या चिकटल्या होत्या. एक लाल मिरची तारेत अडकून फुगली होती.

शास्त्रज्ञाला पुरावा समजायला वेळ लागत नाही. नैमिषने नळीकडे पाहिलं, बावेकडे पाहिलं, आणि मग अंगणात सासूबाई ज्या काळजीने त्याच्याकडे बघत होत्या त्या काळजीकडे पाहिलं. अमावस्यांचा अख्खा जिना त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. प्रत्येक पायरीवर त्याचं स्वतःचं कौतुक बसलेलं होतं.

"काय सापडलं, नैमिषराव?" मळ्यातून अद्वैतभाऊंनी हाळी दिली.

नैमिषने नखाने मोहऱ्या खरवडल्या. मिरची खिशात टाकली.

"काही नाही, बाबा. गाळ."

गोदावरीला मात्र त्याने सगळं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो बांध थांबवता येईल?"

"नाही. आता मीही नाही, कोणीच नाही."

"आईला सांगून तो फुटेल?"

"नाही."

"मग सांगू नकोस. आज तू आईला सांगशील आणि उद्या तिला त्याच बावेतून बाहेर काढावं लागेल. आमच्याकडची बाई आहे ती. तिला असलं गिळता यायचं नाही."

"पण खात्याला तरी सांगायला हवं, गोदा. पंच चुकला हे त्यांना कळायला नको?"

"खात्याला सांगशील आणि ते छापून येईल. मग गावातला जो तो तिला येऊन सांगेल. आणि ते तुला काय म्हणतील? माणसाचा हात नको म्हणणाऱ्याच्या सासूचाच हात?"

नैमिषने खात्याला कळवलं नाही. त्याला सासूबाईंची माया होती, हे खरंच. त्या मायेच्या पदराखाली नोकरीलाही चांगली झोप लागली, हेही तितकंच खरं.

आता पुढची मौज ऐका. गोडबावला गोडं पाणी येत होतं ते डोंगराकडून. पावसाचं पाणी जमिनीखालून वाहत येऊन समुद्राला मागे रेटत असे. मध्ये शिळा उभी राहिली आणि ते बंद पडलं. दुसरी दिवाळी यायच्या आत गोडबाव खरोखरच खारं झालं. पंचाने सांगितलं होतं, अगदी तसं. खात्याने समारंभ केला. पंचाचं भाकीत किती अचूक आलं याचा आलेख भिंतीवर लावला, आणि आलेखाखाली उभं करून नैमिषला शाल पांघरली. त्याने ती घेतली. ऑक्टोबरचं ऊन, तरी त्याला थंडी वाजत होती.

नागवेलीची पानं कडांनी करपली, मग देठांनी गळली. गाव उठून गेलं. अद्वैतभाऊ उठले नाहीत. कोणी समजवायला आलं की ते तांब्या पुढे करत आणि घशाकडे बघत उभे राहत.

"कसं आहे?"

येणारा डोळे मिटे. त्याला मिटावेच लागत. "अमृत," तो म्हणे.

"मग?" असं म्हणून अद्वैतभाऊ उरलेलं पाणी स्वतः घटाघटा पीत. पाय सुजले, चेहरा सुजला, डॉक्टरांनी हात जोडले. शेवटच्या दिवशी नैमिष उशाशी होता. त्यालाही तांब्या मिळाला.

"खरं सांगा हं, नैमिषराव. तुम्ही शास्त्रज्ञ आहात."

"गोड आहे, बाबा."

अद्वैतभाऊ समाधानाने गेले. किमयाबाई रडल्या त्या एकच वाक्य घोळवत. "मी कमी पडले गो. दृष्ट मोठी होती, माझी मूठ लहान पडली."

गोदावरीने नवऱ्याकडे पाहिलं. आता तर सांगणं शक्यच नव्हतं.

खात्याने किमयाबाईंना करवळे गावात घर दिलं. करवळे म्हणजे शिळेच्या मागचं, डोंगराकडून येणारं पाणी जिथे अडलं ते पहिलं गाव. गोडबावचं सगळं गोडं पाणी आता तिथे तुंबत होतं, विहिरी काठोकाठ. समुद्र उद्या शिळेला वळसा घालून आला तर, म्हणून करवळ्याच्याही दोन अंगांना नवे जिवाणू पेरून झाले होते, आणि शाळेमागे साक्षीविहिरीची नवी कोरी नळी उभी राहिली होती.

नैमिष आता सासुरवाडीला गेला की पाण्याचं नाव काढत नसे. पाणी पुढे आलं की खाली बघून गिळून टाकी. लोक म्हणत, वर्तकसाहेबांना शाल मिळाल्यापासून शिंगं फुटली.

त्यांची मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि अजून काही बोलत नव्हती. नैमिष-गोदावरी तिला घेऊन करवळ्याला आली ती आषाढी अमावस्या होती. किमयाबाईंनी नातीच्या ओठांना पेला लावला. पोरीने दोन घोट घेतले, हनुवटीवरून ओघळ येऊ दिला, आजीकडे बघून टाळ्या पिटल्या आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला.

"गोद!"

सगळे हसले. किमयाबाईंनी तिचे मुके घेतले. हसता हसता त्या थांबल्या. लेकराची नजर. निष्पाप, निर्मळ. सगळ्यांत वाईट तीच लागते, कारण तिच्यात कपट नसतं.

तिन्हीसांज झाली. मुलीला कडेवर घेऊन ओसरीत उभ्या असलेल्या नैमिषला दिसलं की सासूबाई मागच्या दाराने बाहेर पडल्या आहेत. ओंजळ भरलेली. त्यांनी गावविहिरीला फेरे घातले आणि शाळेमागच्या वाटेला लागल्या.

तो मागून धावला. "आई! आई, थांबा! ते तिथे नका..."

किमयाबाईंनी मागे पाहिलं नाही. पण त्या थांबल्या. दृष्ट घेऊन जाणाऱ्याला हाक मारली की ती हाक मारणाऱ्यावर उलटते, एवढंही या शिकलेल्या माणसाला कळू नये! त्या थोड्या वळल्या, डोळ्यांनीच नातीकडे खूण केली, पोर कडेवर आहे, जपा, अशी. भरलेली ओंजळ तोंडाशी नेऊन त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं. आणि हसल्या. नवऱ्याच्या मागे इतक्या दिवसांनी त्या पहिल्यांदा मनापासून हसत होत्या. एक गाव हातचं गेलं होतं. हे त्या जाऊ देणार नव्हत्या.

नैमिषच्या जिभेवर ते वाक्य आलं. अगदी लहान होतं. 'आई, गोडबाव तुमच्या मिठाने गेलं.' मग सासऱ्यांचंही सांगावं लागलं असतं. मग आपण मोहऱ्या का खरवडल्या, हेही.

त्याने तोंड मिटलं.

मीठ पडताना आवाज होत नाही. मोहऱ्यांचा तेवढा होतो. जाळीवर चार-दोन टकटक वाजल्या आणि खाली गेल्या. पोरीला तो आवाज आवडला. तिने पुन्हा टाळ्या पिटल्या.

जिल्ह्याच्या ठिकाणी पंचाने करवळ्याच्या नावापुढे बारीकशी वाढ नोंदवली. अमावस्या आहे, हे ताडून पाहिलं. समुद्र तिथून लांब होता, मध्ये शिळा होती; एखादा दुसरा असता तर बुचकळ्यात पडला असता. पण असंच एक गाव पंचाने पूर्वी पाहिलेलं होतं, आणि त्या वेळी त्याचं भाकीत अक्षरन् अक्षर खरं ठरलं होतं.